घरी काडतुसं भरताना यंत्र अडलं तर काय तपासायचं

काडतुसं भरताना बिघाड सगळ्यांत आधी हाताला कळतो. प्रेसमधून, म्हणजे हँडलने दाब देणाऱ्या यंत्रातून, पुंगळ्यांमागून पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचं) एकसारख्या जात असतात आणि मध्येच एकीला हँडल जड होतं. किंवा उलट होतं, नेहमी जाणवणारा दाब एखाद्या वेळी जाणवतच नाही. बहुतेक जण जड हँडलला जोर लावतात आणि हलक्या हँडलकडे लक्षच देत नाहीत. दोन्ही सवयी वाईट. हँडल जड झालं म्हणजे काहीतरी जागेवर नाही. तिथे जोर लावला की पिन मोडते, पुंगळी डायमध्ये, म्हणजे तिला आकार देणाऱ्या साच्यात, रुतते, आणि प्रायमर (बुडात बसणारी, पावडर पेटवणारी छोटी टोपी) बसवत असाल तर तो उडूही शकतो. हँडल हलकं गेलं म्हणजे प्रायमरचा खळगा सैल झालाय किंवा पुंगळीची मान गोळीला नीट धरत नाहीये. असं काडतूस दिसायला अगदी व्यवस्थित असतं, म्हणून ते जास्त धोक्याचं.

बिघाड मोजून शोधायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, यावर माझा सगळा भर आहे. डाय फिरवली, शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) बदलला आणि वंगणही दुसरं घेतलं, मग अडचण गेली, तर ती कशामुळे गेली हे कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात ती परत येते.

हा लेख पावडरचं प्रमाण सांगत नाही. ते पावडर आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्यांच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचं. घरी काडतुसं भरायला अनेक देशांत वेगळा परवाना लागतो, काही ठिकाणी ते पूर्ण बंद आहे. तुमच्याकडे ते कायदेशीर आहे आणि मूळ क्रिया तुम्हाला येते, असं धरून पुढे लिहितोय.

हात लावण्याआधी

काहीही अडलं की पहिलं काम दुरुस्तीचं नाही. आधी पावडर बाजूला करायची. मेजरमधली, म्हणजे ठरावीक माप सोडणाऱ्या उपकरणातली, पावडर तिच्याच मूळ डब्यात ओतून झाकण लावा. भरलेल्या पण गोळी न बसवलेल्या पुंगळ्या असतील तर त्याही रिकाम्या करा. प्रायमरची नळी किंवा तबकडी काढून दूर ठेवा. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा, तो प्रायमरच्या कामातच नव्हे, संपूर्ण वेळ. त्यानंतरच पाना हातात घ्यायचा.

बाकावर एका वेळी पावडरचा एकच डबा असावा. बिघाडाच्या गडबडीत मेजर रिकामं करताना भलत्याच डब्यात पावडर ओतली जाते, आणि मिसळलेली पावडर कुठल्याच कामाची राहत नाही. डब्यात काय आहे याची शंभर टक्के खात्री नसेल तर ती पावडर वापरायची नाही.

आधी मोजणारी साधनं तपासा

प्रेसवर संशय घेण्याआधी कॅलिपर आणि वजनकाटा तपासायचा. बिघाड प्रेसमध्ये नसून मोजण्यात आहे, असं फार वेळा निघतं.

कॅलिपरचे जबडे पुसून मिटवा आणि शून्य येतंय का पाहा. उघडून परत मिटवा. दर वेळी शून्यच यायला हवा. डिजिटल कॅलिपरची बॅटरी उतरली की आकडा सरकत राहतो किंवा मध्येच उडी मारतो. ज्याचं माप पक्कं माहीत आहे असा एखादा गेज जवळ ठेवा आणि कामाला बसताना एकदा मोजून घ्या.

वजनकाट्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण १५.४३ ग्रेन, म्हणजे ०.१ ग्रेन हे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम. रायफलच्या ४० ग्रेन पावडरमध्ये ०.१ ग्रेन इकडेतिकडे झाला तर फरक पाव टक्का. पिस्तुलाच्या ४ ग्रेनमध्ये तोच फरक अडीच टक्के होतो. म्हणून छोट्या काडतुसांसाठी काट्याची चूक दहापट महाग पडते.

इलेक्ट्रॉनिक काटा भरकटत असेल, म्हणजे रिकामी तबकडी ठेवूनही आकडा हळूहळू वर-खाली जात असेल, तर कारणं साधारण ठरलेली असतात. काटा चालू करून लगेच काम सुरू केलेलं असतं. त्याला अर्धा तास तापू द्या. पंख्याची किंवा एसीची झुळूक तबकडीवर येते. मोबाइल शेजारी असतो. ट्यूबलाइट अगदी डोक्यावर असते. टेबल हलतं, किंवा काटा सपाटीत नसतो. कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या फनेलवर स्थिर वीज साठते, तीही आकडा ओढते. एकेक कारण दूर करा आणि दर वेळी काट्यासोबत आलेलं तपासणीचं वजन ठेवून पाहा. ते वजन बोटांनी उचलू नका, चिमटा वापरा. बोटांचा तेलकटपणाही या पातळीवर मोजला जातो.

मात्र एक तपासणी जवळजवळ सगळे विसरतात. सोबत आलेलं वजन बहुधा २० किंवा ५० ग्रॅमचं, म्हणजे शेकडो ग्रेनचं असतं. तिथे काटा बरोबर दाखवतो म्हणून ५ ग्रेनलाही बरोबर दाखवेल असं नाही. तुम्ही जेवढी पावडर मोजता त्याच्या आसपासचं एक तपासणीचं वजन घ्या. तेवढं वजन मिळत नसेल तर एकच ठरावीक गोळी डबीत ठेवून द्या आणि रोज काम सुरू करताना तीच तोला. तिचं खरं वजन काहीही असो, आकडा कालचाच यायला हवा.

आणखी एक सवय इलेक्ट्रॉनिक काट्यांना असते. पावडर अगदी एकेक दाणा टाकत गेलं तर काही काटे ती वाढ मोजतच नाहीत, त्यांना तो शून्याचा स्वाभाविक सरक वाटतो. म्हणून शेवटचे दाणे टाकून झाले की तबकडी उचला, पुन्हा ठेवा आणि तो आकडा खरा धरा.

दांडीचा जुना काटा वापरत असाल तर त्याला वीज, मोबाइल वगैरे काही बाधत नाही, पण धूळ बाधते. दांडी ज्या धारेवर टेकते ती धार आणि तिच्या खाचा मऊ ब्रशने साफ करा. तिथे तेल कधीही घालायचं नाही. तेल धूळ धरतं आणि दांडी आळसावते. दांडीला बोटाने हलका धक्का द्या. ती डोलत डोलत प्रत्येक वेळी त्याच रेघेवर थांबली तर काटा ठीक आहे.

पावडर मेजर वेगवेगळं प्रमाण सोडतंय

आधी ठरवा की फरक मेजरचा आहे की हाताचा. दहा वेळा पावडर सोडा आणि दहाही वेळा वेगवेगळी तोला. मग दहा वेळा सोडून एकत्र तोला आणि दहाने भागा. सरासरी बरोबर आहे पण एकेक माप विखुरलेलं आहे, तर बहुधा हाताची लय चुकते. हँडल दर वेळी सारख्याच वेगाने, सारख्याच हलक्या ठोक्यानिशी वर आणि खाली जायला हवं. सरासरीच हळूहळू एका बाजूला सरकत असेल तर समायोजनाचा स्क्रू ढिला आहे किंवा हॉपरमधली (मेजरच्या वरच्या भांड्यातली) पातळी उतरत चालली आहे. हॉपर दोन-तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नका. आत आडवी पट्टी, म्हणजे बॅफल, नसेल तर बसवून घ्या. तिच्यामुळे वरच्या पावडरचा भार थेट ड्रमवर (माप घेणाऱ्या फिरत्या भागावर) येत नाही.

लांबट दाण्यांच्या पावडरीत हँडल फिरवताना कधीकधी ‘कर्र’ असा आवाज येतो आणि हाताला बारीक झटका बसतो. ड्रमच्या कडेखाली एक दाणा सापडून चिरला जातो, त्याचा तो आवाज. एखाद-दुसऱ्या वेळी हे चालतं, पण त्या वेळचं माप परत हॉपरमध्ये टाका, वापरू नका. वारंवार होत असेल तर त्या पावडरसाठी मेजरने थोडं कमी माप सोडायचं आणि उरलेलं ट्रिकलरने (दाणा-दाणा सोडणाऱ्या साधनाने) काट्यावर पुरं करायचं. लांबट दाण्यांशी भांडण्यात अर्थ नाही. ड्रमला गोल दाण्यांची पावडर मानवते आणि लांबट दाण्यांना काटा.

खरा धोका आहे तो पावडर नळीत अडण्याचा. धान्याच्या कोठीच्या अरुंद तोंडाशी दाणे एकमेकांना अडकून कमान धरतात, तसंच सोडनळीत होतं. मग एका पुंगळीत निम्मीच पावडर जाते आणि पुढच्या धक्क्याला कमान तुटून दुसरीत दीडपट पडते. काट्यावर मधलंच एखादं माप तपासणाऱ्याला हे दिसणार नाही. म्हणून ज्या पुंगळीत कमी पावडर दिसली, तिच्या पुढचीही रिकामी करायची. कारण शोधायचं तर नळी आतून पाहा. नव्या मेजरवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा पातळ थर आलेला असतो. तो धुऊन पूर्ण कोरडा करावा लागतो. स्थिर विजेमुळे दाणे प्लॅस्टिकला चिकटत असतील तर आतून कोरडं ग्राफाइट चोळा. अरुंद मानेच्या पुंगळ्यांना त्या मापाचीच नळी हवी, मोठी नळी तिथे पावडर अडवते.

आणि दिवस संपला की हॉपर रिकामा करा. काही पावडरी प्लॅस्टिकला खातात, हॉपर आतून धुरकट होतो. हवेतला दमटपणा पावडरीत जातो किंवा पावडरीतले वायू उडून जातात. आणि चार दिवसांनी हॉपरमध्ये नेमकी कोणती पावडर होती, हे आठवणीवर सोडावं लागतं.

मेजरची तक्रार असो वा नसो, गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून पाहायचं. पुंगळ्या ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभ्या केल्या की सगळ्यांची पातळी एका नजरेत कळते. जलद जळणाऱ्या पिस्तुलाच्या पावडरीत दुप्पट मापही पुंगळीत आरामात मावतं, बाहेर सांडत नाही. आणि रिकामी राहिलेली पुंगळी कमी घातक नाही. एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी बंदुकीच्या नळीत सरकून मध्येच अडकते, आणि मागून आलेली दुसरी गोळी नळी फुगवते किंवा फोडते.

डायमध्ये पुंगळी रुतली

साइझिंग डायमध्ये, म्हणजे उडवलेली पुंगळी परत मापात आणणाऱ्या डायमध्ये, पुंगळी रुतण्याचं कारण दहांतल्या नऊ वेळा वंगण कमी पडणं हेच असतं. रिम (बुडाची कड) एकदम तुटून येतो, रॅम (प्रेसचा वर-खाली जाणारा दांडा) खाली येतो आणि पुंगळी वरच राहते. हँडलला झटके देऊन ती निघत नाही, फक्त रिम आणखी फाटतो.

ती काढण्यासाठी एक रूढ पद्धत आहे आणि ती क्रमाने करावी लागते. त्याआधी खात्री करा की पुंगळीत जिवंत प्रायमर नाही. जुना प्रायमर ढकलणाऱ्या डिकॅपिंग पिनसह साइझिंग करत असाल तर तो निघून गेलेला असतो. पण पिन काढून साइझिंग करत असाल आणि आत न उडालेला प्रायमर असेल, तर ड्रिल जवळही न्यायचं नाही. ते काम बंदुकीच्या जाणकार कारागिराचं.

१. डाय प्रेसमधून काढा. डिकॅपिंग दांडीची लॉक रिंग सैल करून दांडी जितकी वर घेता येईल तितकी घ्या. ती खाली राहिली तर ड्रिल तिच्यावर आपटेल आणि दोन्ही जातील.

२. डाय व्हाइसमध्ये लाकडाच्या दोन तुकड्यांत धरा, म्हणजे आटे दबणार नाहीत. पुंगळीचं बूड वर.

३. प्रायमरच्या खळग्यातून सरळ आरपार भोक पाडा. पाव इंची, २० आट्यांच्या टॅपसाठी सात नंबरचं, म्हणजे सुमारे ५.१ मिलिमीटरचं ड्रिल लागतं.

४. त्या भोकात टॅपने आटे पाडा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये मध्ये कीस झटका.

५. बुडावर एक जाड नळीचा तुकडा किंवा मोठा सॉकेट ठेवा. तो डायवर टेकला पाहिजे, पुंगळीवर नाही. त्यावर वॉशर, त्यातून पाव इंची बोल्ट, आणि बोल्ट पान्याने आवळत जा. पुंगळी हळूहळू सॉकेटमध्ये ओढली जाते.

पुंगळी निघाल्यावर डाय आतून पाहा. पितळाची बारीक रेघ चिकटलेली असेल तर पुढच्या प्रत्येक पुंगळीवर तिथेच ओरखडा उमटेल. ती सॉल्व्हंट आणि बारीक पॉलिश पेस्ट लावलेल्या कापडाने काढा, सँडपेपरने नाही.

वंगण कमी नको तसं जास्तही नको. खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) साठलेलं वंगण दाबलं जातं, पण त्याला जायला वाट नसते, आणि खांद्यावर चिमटा घेतल्यासारखा खड्डा पडतो. असे खड्डे दिसू लागले तर डायमधलं हवेचं भोक तुंबलंय का पाहा आणि वंगण निम्मं करा. सरळ भिंतीच्या पिस्तुली पुंगळ्यांना कार्बाइड डायमध्ये वंगण लागत नाही. पण हे ऐकून बाटलीच्या आकाराच्या रायफल पुंगळ्या कोऱ्या घालणारे लोक आहेत, आणि मग वरचे पाच टप्पे त्यांच्या वाट्याला येतात.

साइझिंग डाय किती खाली हवी

प्रचलित डायचे आटे ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४ असे असतात. म्हणजे पूर्ण एक फेरा १.८ मिलिमीटर. नेहमीची सूचना अशी असते: रॅम वर घ्या, डाय शेल होल्डरला टेकेपर्यंत खाली आणा, मग रॅम खाली करून आणखी १/८ ते १/४ फेरा द्या. १/८ फेरा म्हणजे सुमारे ०.००९ इंच. आणि रायफलमध्ये पुंगळीचा खांदा मागे ढकलायला हवा तो फक्त ०.००१ ते ०.००२ इंच (बोल्ट अ‍ॅक्शन), सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ०.००३ ते ०.००५. दोन हजारांश इंच म्हणजे डायचे जेमतेम दहा अंश. यावरून कळेल की अंदाजाने फिरवलेली डाय पुंगळीचं किती नुकसान करते.

जास्त खाली बसवलेल्या डायची खूण पितळावर दिसते. दोन-तीन वेळा भरलेली, उडवलेली पुंगळी उजेडात आडवी धरून फिरवा. बुडाच्या थोडं वर, भिंत जाड ते पातळ होते त्या जागी, केसाएवढी चकचकीत गोल रेघ उमटलेली असेल तर तिथे पितळ ताणलं जातंय. एक बारीक तार घ्या, टोकाला काटकोनात वाकवा, टोक घासून धारदार करा आणि पुंगळीच्या आत भिंतीला लावून बुडाकडून वर ओढा. निरोगी पुंगळीत ती सरसर वर येते. आजारी पुंगळीत एका ठिकाणी अडकते. ती आतली खाच. अशी पुंगळी पुढच्या वेळी चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत) दोन तुकड्यांत तुटू शकते. ती लगेच पक्कडीने चेपून भंगारात टाका, आणि त्याच खेपेच्या सगळ्या पुंगळ्या तारेने तपासा.

डाय नीट लावायची तर खांद्यापासून बुडापर्यंतचं अंतर मोजणारा कंपॅरेटर घ्या. उडवलेल्या पुंगळ्यांचं माप घ्या, डाय मुद्दाम थोडी वर ठेवून सुरुवात करा आणि दहा-दहा अंशांनी खाली आणत हवं तेवढंच ढकला. माप मिळालं की रॅम वर ठेवूनच लॉक रिंग आवळा, म्हणजे डाय मध्यात बसते.

आता उलटी तक्रार: डाय टेकलेली आहे, तरी काडतूस चेंबरमध्ये घट्ट जातं. प्रेसवर पुंगळी असताना रॅम पूर्ण वर न्या आणि डाय व शेल होल्डरच्या मध्ये उजेड दिसतो का पाहा. रिकामी असताना फट नसते, पण पुंगळीच्या जोराने प्रेस वाकते आणि फट पडते. मग डाय थोडी आणखी खाली हवी. त्याआधी प्रेसचे बाकाला धरणारे बोल्टही आवळून पाहा. डुगडुगणारा बाक असाच खोटा निकाल देतो.

पिन मोडली

डिकॅपिंग पिन एकदा मोडली तर ती मध्यात नव्हती असं समजा. दुसऱ्यांदा मोडली तर पुंगळीत टॉर्च मारून बघा. आत मध्यभागी एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, आपल्या कामाची. दोन बारीक भोकं कडेला असतील तर ती बर्डन पद्धतीची पुंगळी, आणि पिन मधल्या उंचवट्यावर आपटून मोडणारच. एडवर्ड बॉक्सर हे इंग्लंडचे आणि हायरम बर्डन अमेरिकेचे, पण आज बॉक्सर प्रायमर अमेरिकेत रूढ आहे आणि बर्डन अमेरिकेबाहेरच्या लष्करी काडतुसांत जास्त सापडतो. ओल्या किंवा कोरड्या पॉलिशचा खडा भोकात अडकूनही पिन वाकते, म्हणून पॉलिशनंतर भोकं पाहून घ्यावीत.

परतीच्या फेरीत हँडल किंचाळल्यासारखं जड येत असेल तर एक्स्पांडर बॉल (मान आतून मापाला रुंद करणारा गोळा) मानेच्या आत कोरडा घासतोय. मानेच्या आत ब्रशने किंचित कोरडं वंगण लावा. हे दुर्लक्षित केलं तर मान लांबते आणि वाकडी होते, आणि मग गोळी सरळ बसत नाही.

प्रायमर बसत नाही, किंवा फार सहज बसतो

इथे जोर लावायला पूर्ण बंदी. प्रायमर दाबाने नव्हे, ठोक्याने उडतो असं म्हणतात, पण तिरका होऊन चिरडला जाणारा प्रायमरही उडतो.

खळग्यात शिरतच नसेल तर बहुधा पुंगळी लष्करी आहे. तिचा प्रायमर जागेवरून हलू नये म्हणून खळग्याची कड आत दाबलेली असते. ती स्वेजिंगने (दाबून) किंवा रीमरने (खरवडून) काढावी लागते. किंवा माप वेगळं आहे. मोठ्या प्रायमरचा व्यास ०.२१० इंच, छोट्याचा ०.१७५. .४५ एसीपीच्या पुंगळ्या दोन्ही खळग्यांच्या मिळतात आणि एकाच डब्यात मिसळल्या की यंत्र अडतंच. शेल होल्डर चुकीचा असला तर पुंगळी मध्यात राहत नाही आणि प्रायमर कडेवर टेकतो.

मोठे रायफल प्रायमर आणि मोठे पिस्तूल प्रायमर व्यासाने सारखेच असतात, पण रायफलचा उंचीने जास्त असतो. पिस्तुलाच्या पुंगळीत तो वर उभा राहतो. म्हणून डबे वेगळे ठेवणं ही नुसती टापटीप नाही.

बसल्यावर बुडावरून तर्जनीचं टोक फिरवा. प्रायमर बुडाच्या किंचित खाली लागला पाहिजे, साधारण ०.००३ ते ०.००५ इंच. वर लागला तर रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर अडतं, सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बंदुकीचा बोल्ट बंद होतानाच गोळी सुटू शकते. पहिल्या फटक्याला न उडणारं आणि दुसऱ्याला उडणारं काडतूस बहुधा याच कारणाचं असतं: पहिला फटका प्रायमर बसवण्यातच खर्च होतो. खळग्याच्या तळाशी जुनी काजळी साचली असेल तर ती खरवडून काढा. एवढ्यानेही प्रायमर वर राहतो.

प्रायमर हाताच्या बळाशिवाय आपोआप आत जात असेल, तर खळगा पसरलाय. ती पुंगळी निवृत्त करायची. आणि एका खेपेत अशा अनेक निघाल्या, तर मागच्या भरणीत दाब जास्त होता का, याचा विचार करा.

वर राहिलेला प्रायमर भरलेल्या काडतुसात पुन्हा दाबायचा नाही. आधी गोळी आणि पावडर काढा, मग दाबा.

गोळीची उंची एकसारखी येत नाही, मान फुगते

काडतुसाची एकूण लांबी बदलत असेल तर आधी गोळ्याच मोजून पाहा. पोकळ टोकाच्या आणि शिशाच्या उघड्या टोकाच्या गोळ्या मुळातच कमी-जास्त लांब असतात. टोकापासून मोजणं सोडून कंपॅरेटरने गोळीच्या फुगीर भागापासून मोजा. तिथे माप स्थिर निघालं तर बिघाड नाहीच. तिथेही हलत असेल तर डाय उघडून बसवणाऱ्या दांड्याचा खळगा पाहा. शिशाच्या गोळ्यांवरचं मेण तिथे साठतं आणि प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा थोडी खोल जात राहते. पिस्तुलात हे गंभीर आहे. गोळी जितकी खोल, तितकी आतली जागा कमी आणि दाब जास्त.

खांद्याखाली फुगवटा आला किंवा मान वळली, तर क्रिम्प (गोळी धरून ठेवायला पुंगळीची कड आवळणं) लवकर लागतोय. एकाच डायने गोळी बसवणं आणि क्रिम्प करणं दोन्ही होत असेल, तर लांब पुंगळीवर क्रिम्प आधी चावतो आणि गोळी अजून खाली चाललेली असते. पुंगळ्या एका लांबीच्या कापा. सर्वांत बरं म्हणजे डाय अर्धा-एक फेरा वर घेऊन आधी सगळ्या गोळ्या बसवा आणि क्रिम्प वेगळ्या फेरीत द्या.

बिनरिमच्या पिस्तुली पुंगळ्या चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकतात. त्यांना फक्त टेपर क्रिम्प, म्हणजे कड आत न वळवता उताराने आवळणं. कड आत वळली तर काडतूस जास्त खोल जातं. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून पिस्तुलाची नळी काढा आणि काडतूस तिच्यात सोडा: टक असा आवाज करून बसलं, बोटाने फिरलं आणि नळी उलटी केल्यावर आपोआप पडलं, तर ठीक. पकड पाहायची असेल तर भरलेलं काडतूस मोजा, गोळीचं टोक बाकाच्या कडेला अंगठ्याने दाबा, परत मोजा. लांबी कमी झाली तर मान सैल आहे, आणि जास्त क्रिम्प देऊन ती घट्ट होत नाही. एक्स्पांडर फार मोठा आहे का ते पाहा.

प्रोग्रेसिव्ह प्रेस

या यंत्रात एका फेरीत सगळं होतं, म्हणून एका जागी अडलं की बाकी जागांचं काम अर्धवट राहतं. अडलेलं हँडल थोडं वर, परत खाली, परत वर असं हलवलं की पावडरच्या जागेवरच्या पुंगळीत दोनदा पावडर पडू शकते. नियम साधा ठेवा: कुठेही अडलं तरी पावडरच्या आणि गोळीच्या जागेवरच्या पुंगळ्या आधी बाहेर काढून रिकाम्या करायच्या, मग बाकी. कमी-जास्त पातळी ओळखून थांबवणारी डाय घेतली असेल तरीही.

फिरणारी तबकडी मध्येच थांबते किंवा थोडी पुढे जाते, याचं मुख्य कारण सांडलेली पावडर आणि जुन्या प्रायमरचा चुरा. तबकडी काढा, खालचा चेंडू आणि स्प्रिंग पुसा, मधला बोल्ट मॅन्युअलप्रमाणे आवळा. फार आवळला तर ती फिरत नाही, सैल असेल तर प्रायमर तिरके बसतात. ब्रश आणि कोरडं कापड वापरा. प्रायमर जवळ असताना कॉम्प्रेसरची हवा नको.

पॉलिश आणि धूळ

पितळ चकचकीत करायला अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराच्या काडतुसांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडत. तबेल्यांच्या हवेतला अमोनिया, दमटपणा आणि पितळातला ताण मिळून ते होत होतं, हे १९२१ मध्ये उलगडलं. कोरड्या पॉलिशच्या भुशात प्रायमरमधलं शिसं साठतं. तो भुसा घराबाहेर आणि मास्क लावून चाळा, बाकाजवळ खाणं-पिणं ठेवू नका, उठताना हात साबणाने धुवा.

दुरुस्तीनंतर

यंत्र नीट झाल्यावर पहिलं काडतूस पावडर आणि प्रायमरशिवायचं करा: फक्त पुंगळी आणि गोळी. ते मोजा, चेंबरमध्ये घालून पाहा आणि त्यावर ठळक खूण करून बाजूला ठेवा. पुढच्या वेळी डाय लावायला तेच कामी येतं. मग पहिल्या दहा पुंगळ्यांची पावडर एकेक तोला. बिघाड सुरू झाल्यापासून तो लक्षात येईपर्यंत भरलेली काडतुसं वेगळ्या डबीत काढा, डबीवर तारीख आणि कारण लिहा, आणि ती एकेक करून पुलरने (गोळी ओढून काढणाऱ्या साधनाने) उघडा. त्यांतली निम्मी उघडून बाकीची ‘बहुधा ठीक असतील’ म्हणून मैदानावर न्यायची नाहीत. पुलर वापरताना शंका आलेला प्रायमर पुंगळीतच राहू द्या, आणि निघालेली पावडर कोणती आणि किती काळ उघडी होती हे माहीत नसेल तर ती परत डब्यात टाकू नका.